सहा-चारवर इंजिन तोलू नका

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत इंजिनिअरिंगची दोन पोरं बुद्धिबळाची दोन इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रॅम, लॅपटॉपवर रात्रभर एकमेकांवर सोडतात. सकाळी निकाल ६-४. "विषय संपला भावा!" असं एकानं जाहीर केलं, तरी दुसऱ्यानं लगेच मान्य करू नये.

समजा दोन्ही इंजिनं अगदी तुल्यबळ आहेत आणि एकही डाव बरोबरीत सुटत नाही. तरीही दहा डावांत बरोब्बर ५-५ होण्याची शक्यता जेमतेम २५ टक्के. म्हणजे चारपैकी तीन वेळा कुणीतरी जिंकल्यासारखं दिसणारच. खासबागेच्या कुस्ती मैदानात एकदा पाठ टेकली की निकाल लागतो, कारण तिथं त्या दिवशीची कुस्ती कोण जिंकलं एवढंच ठरवायचं असतं. इथं नेहमीची ताकद मोजायची आहे, आणि फरक बहुधा केसाएवढा असतो.

तो मोजायला भौतिकशास्त्रज्ञ आर्पाद एलो यांची रेटिंगपद्धत वापरतात. जागतिक बुद्धिबळ महासंघानं ती १९७० मध्ये स्वीकारली. रेटिंगमध्ये १०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूला सामन्यातले सरासरी ६४ टक्के गुण मिळतात. फरक ५ गुणांचाच असेल तर ५०.७ टक्के. साठ टक्के डाव बरोबरीत सुटतात असं धरलं, तर हे उरलेलं ०.७ नशिबाच्या गोंगाटातून वेगळं काढायला सात-आठ हजार डाव लागतात. एवढे डाव पूर्ण वेळ देऊन कोण खेळवणार? म्हणून चाचणीत अख्ख्या डावाला दहा सेकंद आणि प्रत्येक चालीमागे सेकंदाचा दहावा भाग, इतक्या घाईचे डाव सर्रास लावतात.

बरोबरीचे डाव फसवे असतात. १०० डावांत १२ विजय, ८ पराभव, ८० बरोबरी हा निकाल भारदस्त वाटतो. पण कोण सरस, याबद्दल ते ८० डाव जवळपास गप्पच असतात. बोलतात फक्त २०. आणि तुल्यबळांच्या २० निर्णायक डावांत कुणीतरी १२ किंवा जास्त जिंकणं निम्म्या वेळा घडतं!

शिवाय इंजिन त्याच परिस्थितीत बरेचदा त्याच चाली खेळतं. मग हजार डाव म्हणजे एकाच डावाच्या हजार प्रती. त्यामुळे सुरुवातीच्या चाली बाहेरून ठरवून देतात, आणि त्याच सुरुवातीवरून दोन डाव: एकदा पांढरी मोहरी याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. बलाढ्य इंजिनांना तर मुद्दाम एका बाजूला झुकलेली सुरुवात देतात, नाहीतर बरोबऱ्यांचा नुसता ढीग पडतो.

थांबायचं कधी, हा मला यातला सगळ्यात नाजूक प्रश्न वाटतो. आपलं लाडकं इंजिन पुढे असताना चाचणी बंद केली तर कुणालाही जिंकवता येतं. अब्राहम वाल्ड या गणितज्ञानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यावर तोड काढली: दोन सीमा आधीच आखायच्या, प्रत्येक निकालानंतर पुरावा मोजायचा आणि तो सीमेला टेकला की थांबायचं. स्टॉकफिश या इंजिनातला बदल स्वीकारायचा की नाही, हे २०१३ पासून फिशटेस्ट या चाचणी-व्यवस्थेवर असंच ठरतं. डाव खेळतात स्वयंसेवकांचे संगणक.

पण डाव वाढवून फक्त नशीब बाजूला काढता येतं, अन्याय नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरोनं स्टॉकफिशविरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडले, एकही हरला नाही. हा योगायोग नव्हताच. आक्षेप वेगळा होता: प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट दिल्यामुळे स्टॉकफिशचं वेळेचं नियोजन वाया गेलं आणि त्याला संगणकाची स्मृतीही (मेमरी) तोकडी दिली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या १००० डावांत डावाला तीन तास दिले गेले. अल्फाझीरो १५५ जिंकला, ६ हरला, बाकी बरोबरी. वाद तरीही उरलाच. एकाकडे गूगलच्या खास चिप, दुसऱ्याकडे एकूण ४४ गाभ्यांचे (कोअरचे) साधे प्रोसेसर. ही दोन यंत्रं 'सारखी' कोणत्या मापानं म्हणायची? विजेच्या, किमतीच्या की सेकंदाला तपासलेल्या स्थितींच्या? माप बदललं की सामन्याच्या अटीही बदलतात.