ढग भरून येतात, मग पडत का नाहीत?

शाळेतल्या आकृतीत समुद्रावरून एक बाण वर जातो, ढगातून दुसरा खाली येतो आणि जलचक्र पूर्ण होतं. खरी मेख त्या दोन बाणांच्या मधे आहे. वाफेचा ढग सहज होतो. ढगाचा पाऊस होताना मात्र निसर्गाचीही दमछाक होते.

'ढग म्हणजे वाफ' असं आपण सर्रास म्हणतो, पण वाफ डोळ्यांना दिसतच नाही. किटलीच्या तोटीला लागून जी बोटभर जागा रिकामी दिसते, तिथे खरी वाफ असते. पुढचा पांढरा लोट म्हणजे निवून झालेले पाण्याचे बारीक कण. ढगही त्यातलाच.

30 अंश सेल्सियसला एक घनमीटर जागेत सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावतं, 20 अंशांना 17 आणि 10 अंशांना जेमतेम साडेनऊ. तापलेली हवा वर चढते, वरच्या कमी दाबात पसरते आणि पसरताना दर किलोमीटरला जवळपास 10 अंशांनी निवते. एका उंचीवर बाष्प मावेनासं होतं. तिथेच ढगाचा सपाट तळ. दुपारी कापसाच्या ढिगांसारखे ढग असतील तर ही उंची घरबसल्या काढता येते. स्टीलच्या पेल्यात पाणी घ्या, बर्फाचा एकेक लहान खडा टाकून ढवळा आणि पेला बाहेरून पहिल्यांदा धूसर झाला की पाण्याचं तापमान मोजा. हाच दवबिंदू. हवा 32 अंश आणि दवबिंदू 24 असेल, तर फरक 8. वर जाताना दवबिंदूही थोडा उतरतो, म्हणून अंशाला 100 ऐवजी 125 मीटर धरून तळ साधारण 1000 मीटरवर. बर्फ एकदम टाकला तर नेमका क्षण हुकतो, आणि तोंड फार जवळ नेलं तर आपल्या श्वासाचंच दव धरतं.

पण नुसत्या गारव्याने भागत नाही. बाष्पाला जमायला काहीतरी आधार लागतो: मीठ, धूळ, धूर यांचा सूक्ष्म कण. दोन लिटरच्या मऊ प्लास्टिकच्या बाटलीत तळ झाकेल इतकं कोमट पाणी घालून हलवा. झाकण घट्ट लावून बाटली जोरात दाबा आणि झटकन सोडा. फारसं काही दिसणार नाही. आता नुकत्याच विझवलेल्या काडीचा धूर आत घेऊन तेच करा. सोडताक्षणी आत धुकं दाटतं, दाबलं की नाहीसं होतं. हळू सोडलीत तर बाटलीच्या भिंती हवेला पुन्हा ऊब देतात आणि प्रयोग फसतो. उकळतं पाणी वापरू नका, बाटली आकसते.

आता मूळ प्रश्न. ढगातला कण साधारण 20 मायक्रॉनचा, म्हणजे मिलीमीटरचा पन्नासावा भाग. तो सेकंदाला सेंटीमीटरभर पडतो. 1000 मीटर उतरायला त्याला दिवसाहून जास्त लागेल. त्याआधीच तो कोरड्या हवेत विरतो, नाहीतर खालून येणारा वारा त्याला वर उचलून नेतो. दोन मिलीमीटरचा थेंब व्हायला असे 10 लाख कण एकत्र यावे लागतात. नुसतं बाष्प जमत राहून तो वाढेल, तर फार वेळ जाईल.

उबदार ढगात मग धडका कामी येतात. थोडे मोठे कण वेगाने पडतात आणि वाटेतल्या लहानांना गिळत जातात. सगळे कण सारख्याच आकाराचे असतील तर सगळे एकाच वेगाने पडतात, कोणी कोणाला गाठत नाही. हवेत धूर फार झाला की नेमकं हेच घडतं: तेच पाणी असंख्य केंद्रांमध्ये वाटलं जातं आणि उथळ ढग कोरडाच राहतो.

उंच ढगात निराळाच डाव असतो. शून्याखाली गेलं तरी तिथले बरेचसे कण पाणीच राहतात, उणे 35 अंशांपर्यंतसुद्धा. त्यांत हिमाचा एखादा स्फटिक आला की तो शेजाऱ्यांच्या जिवावर फोफावतो, कारण पाण्यावरून उडणारं बाष्प बर्फावर जाऊन बसतं. कण आटतात, स्फटिक जड होऊन पडतो आणि खाली येईतो वितळतो. भर उन्हाळ्यातली टपोऱ्या थेंबांची सरसुद्धा बऱ्याचदा वर हिम म्हणूनच निघालेली असते.

शेवटच्या टप्प्यातही गळती आहेच. ढगाखालची हवा कोरडी असेल तर सर अधांतरीच आटते. दुरून पाहिलं तर ढगाला राखाडी झालरी लोंबताना दिसतात, पण जमिनीवर टिपूस नसतो. एक ग्रॅम पाणी असं उडताना हवेतून सुमारे 585 कॅलरी ओढून घेतं. गार झालेली जड हवा मग खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. सरीच्या आधी अंगावर येणारा गार झोत तो हाच.