सही केली म्हणजे अडकलो?

"नव्या औषधाच्या चाचणीत एकदा सही केली की सुटका नाही, आणि काही झालं तर सगळे हात वर करतात," असं वर्षानुवर्षं ऐकतोय. साफ चूक. संमतिपत्र म्हणजे जमिनीचं खरेदीखत नव्हे! कारण न सांगताही कधीही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत. ती चाचणीमुळेच झाल्याचं ठरलं, तर भरपाईही. भीती अगदीच हवेतली नव्हती म्हणा, भरपाईची सविस्तर तरतूद पहिल्यांदा आली तीच २०१३ मध्ये, त्याआधी ती नव्हती. चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद आहे का, हे कुणालाही फुकट पाहता येतं. ती नोंद २००९ पासून सक्तीची आहे.