इवामी गिन्झान

इवामी गिन्झान : जपानच्या होन्शू बेटावर, शिमाने प्रांतातील ओदा शहराच्या हद्दीत असलेली जुनी चांदीची खाण व तिच्या आश्रयाने वसलेले ओमोरी गाव. ‘गिन’ म्हणजे चांदी, ‘झान’ म्हणजे डोंगर आणि इवामी हे या मुलुखाचे जुने नाव. सुमारे चारशे वर्षे चाललेली ही खाण १९२३ मध्ये बंद पडली. खाण, गाव, डोंगरी किल्ले, बंदरे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा मिळून हे स्थळ २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तज्ज्ञ मंडळाने त्या वर्षी निर्णय लांबणीवर टाकण्याची शिफारस केली होती. समितीने मात्र नोंद मंजूर केली. खाणकाम होऊनही डोंगरावरचे रान टिकले, या मुद्द्याला तेव्हा बरेच वजन मिळाले.

शोध व काळ : हाकाताचा व्यापारी कामिया जुतेइ तांबे आणण्यासाठी इझुमोकडे गलबतातून निघाला असता समुद्रावरून त्याला सेन्नोयामा हा डोंगर (उंची ५३७ मी.) चमकताना दिसला, अशी परंपरागत कथा आहे. ही घटना पूर्वी १५२६ मधली धरली जाई आणि युनेस्कोच्या कागदपत्रांतही तेच साल आहे. स्थानिक अभ्यासकांचा कल अलीकडे १५२७ कडे आहे व तोच अधिक ग्राह्य वाटतो. त्याही आधी, १३०९ च्या सुमारास, ओउची घराण्यातील एकाला देवाच्या कौलाने येथे चांदी सापडल्याची आख्यायिका आहे. तिला इतिहास मानण्याजोगा आधार दिसत नाही. जुतेइच्या ‘शोधा’चा खरा अर्थ पद्धतशीर खाणकामाचा आरंभ असाच घेणे बरे.

गाळणीची रीत : इवामीचे महत्त्व सापडलेल्या चांदीइतकेच ती वेगळी काढण्याच्या कृतीत आहे. १५३३ मध्ये जुतेइने केइजु व सोतान या दोघा कारागिरांकरवी ‘हाइफुकि’, म्हणजे राखेवर फुंकून गाळण्याची रीत, येथे सुरू केली असे मानतात. कुटून धुतलेले खनिज शिशाबरोबर वितळवले की चांदी शिशात उतरते. हा गोळा राखेच्या थरावर ठेवून वर भात्याने वारा दिला, की शिशाचे मुरदाडशिंग (शिशाचा भस्मासारखा ऑक्साइड) होऊन ते राखेत मुरते आणि चांदीची टिकली वर राहते. ही रीत कोरियातून आली, हे मत सर्वाधिक मान्य आहे. कोरियाच्या जोसेऑन राजघराण्याच्या दरबारी बखरींत १५०३ मध्ये दोघा कोरियन कारागिरांनी शिशाच्या साहाय्याने चांदी वेगळी करून दाखवल्याची नोंद आहे. केइजु व सोतान कोरियन होते की तेथे विद्या शिकलेले जपानी, याविषयी मतभेद आहेत. नावांवरून अनुमान काढणे धोक्याचे असल्याने येथे त्यांना नुसते कारागीर म्हटले आहे. इवामीहून ही रीत इकुनो, सादो इत्यादी खाणींत पसरली. यापूर्वी येथील खनिज गाळण्यासाठी बाहेर पाठवावे लागे.

सतराव्या शतकाच्या आरंभी जगातील चांदीपैकी सुमारे एक तृतीयांश जपानची होती व तीत इवामीचा वाटा मोठा होता, असा अंदाज दिला जातो. खाणीसाठी ओउची, आमागो व मोरी घराण्यांत लढाया झाल्या. १५६२ मध्ये ती मोरींकडे आणि १६०० नंतर तोकुगावांकडे गेली. गोव्याहून मलाक्का-मकावमार्गे येणारे पोर्तुगीज चिनी रेशमाच्या मोबदल्यात जपानी चांदी नेत. पोर्तुगीज नकाशाकार तेइशेइरा याच्या १५९५ च्या नकाशात या भागावर चांदीच्या खाणी असल्याची लॅटिन नोंद आहे.

पर्यटन : वारसा नोंदीनंतर गर्दी एकदम वाढली, २००८ मध्ये आठ लाखांवर लोक येऊन गेले. चारशेच्या आसपास वस्तीच्या गावाला ते सोसेना, म्हणून खाणीपर्यंत जाणारी बस त्याच वर्षी बंद झाली. आता ओमोरीहून र्‍युगेन्जी ‘माबु’पर्यंत सुमारे सव्वादोन कि.मी. ओढ्याकाठाने बहुतेक जण चालत जातात. माबु म्हणजे खाणीचा बोगदा. असे सहाशेहून अधिक नोंदले गेले आहेत. र्‍युगेन्जीचा बोगदा सुमारे ६०० मी. लांबीचा असून पाहुण्यांसाठी त्यातला १५७ मी. जुना भाग खुला आहे. भिंतींवर छिन्नीचे घाव जसेच्या तसे आहेत. खनिजाच्या शिरेमागे खोदत गेलेली आडवी भोके इतकी अरुंद आहेत की त्यांत माणूस सरपटतच जाऊ शकेल. ती पाहून बाहेर पडल्यावर त्या चांदीचा हिशेब वेगळा लागतो. उजेडासाठी कामगार सागरी शंखात तेल घालून वात लावीत. धुळीने त्यांचे आयुष्य फार आखूड होई. तिशी गाठली की घरात सण होई, असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात एका वैद्याने धुळीपासून बचावासाठी उमे या आंबट फळाचा गर लावलेला मुखपट्टा योजला होता.

मृतांच्या स्मरणार्थ राकान्जी मंदिरासमोर कड्यातील गुहांत ५०१ दगडी मूर्ती बसवल्या; सुमारे पंचवीस वर्षे चाललेले हे काम १७६६ मध्ये पूर्ण झाले. प्रत्येक मूर्तीचा चेहरा निराळा. कोणी आभाळाकडे पाहतो, कोणी हसतो. आपल्या गेलेल्या माणसाचा चेहरा त्यांत सापडतो, अशी समजूत आहे.

ओमोरीचा सुमारे एक कि.मी. लांबीचा रस्ता १९८७ पासून संरक्षित आहे. १८०० च्या आगीनंतर बांधलेला कुमागाई वाडा आणि १९०२ च्या कचेरीतील संग्रहालय पाहण्याजोगे. दुष्काळात रताळ्याची लागवड करवणारा अधिकारी इदो याचे देऊळही गावात आहे. चांदी बाहेर नेणाऱ्या तोमोगाउरा व ओकिदोमारी या बंदरांकडे जुन्या वाटांनी जाता येते. यूनोत्सु हे बंदर गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असून तेथे आजही मुक्काम करतात.