संशोधनाचा निधी फेब्रुवारीत ठरत नाही

दरवर्षी १ फेब्रुवारीला केंद्रीय अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत उद्योजक आणि करदात्यांच्या प्रतिक्रियांसोबत एखाद्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची खंतही छापून येते, की संशोधनाच्या वाट्याला यंदाही पुरेसे आले नाही. ही खंत रास्त आहे. २०२०-२१ मध्ये भारताने संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के खर्च केला; तो दोन टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २००३ च्या विज्ञान धोरणातच नोंदवलेले होते. मात्र खंत बोलून दाखवण्याची ही वेळ चुकीची आहे, आणि ती का चुकीची हे कळण्यासाठी सरकारी पैसा प्रयोगशाळेपर्यंत कोणत्या वाटेने येतो ते पाहावे लागते.

शास्त्रज्ञांनी संशोधन करावे, पैसे मागत फिरू नये, असे मानणारे पुष्कळ आहेत. गोव्यात राहणाऱ्याला तरी हे मत पटू नये. वैज्ञानिक संघांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९५७ मध्ये महासागर संशोधनासाठी एक समिती नेमली. जगातील सर्वांत कमी अभ्यासलेला महासागर हिंदी महासागर आहे, हे या समितीने निरनिराळ्या देशांच्या सरकारांना पटवून दिले आणि त्यातून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम उभी राहिली. मोहिमेतील भारतीय कार्यक्रमाचे नेतृत्व डॉ. एन. के. पणिक्कर यांच्याकडे होते. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालकही तेच. दोनापावला येथील ही संस्था शास्त्रज्ञांच्या चिकाटीच्या पाठपुराव्यातूनच घडली आहे.

आता मूळ यंत्रणेकडे येऊ. साधारणपणे सप्टेंबरच्या आसपास केंद्रीय अर्थ मंत्रालय सर्व मंत्रालयांना अर्थसंकल्पाचे परिपत्रक पाठवते. ऑक्टोबरपासून प्रत्येक खात्याच्या अधिकाऱ्यांशी बैठका होतात, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, म्हणजे वर्ष सुरू असतानाच फेरतपासलेला खर्चाचा आकडा, ठरतो आणि पुढील वर्षाच्या खर्चाची मर्यादाही त्याच बैठकांतून आकार घेते. फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडल्यानंतर अनुदानाच्या मागण्या, म्हणजे प्रत्येक खात्याच्या खर्चाचे प्रस्ताव, संसदेच्या स्थायी समित्यांकडे जातात, समित्या अहवाल देतात आणि मग लोकसभेत मतदान होते. येथे राज्यघटनेच्या ११३ व्या अनुच्छेदाची मेख आहे. लोकसभा एखादी मागणी मंजूर करू शकते, नामंजूर करू शकते किंवा कमी करू शकते; वाढवू मात्र शकत नाही, कारण राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय, म्हणजे व्यवहारात सरकारच्या इच्छेशिवाय, कोणतीही मागणी मांडताच येत नाही. आपल्या खाजनातील, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतील, मानशीचे (पाणी अडवणाऱ्या झडपेचे) दार ओहोटीला पाणी बाहेर सोडते आणि भरतीला आपोआप मिटते. लोकसभेचे हे दारही तसेच एकाच दिशेने उघडते. खासदाराच्या हाती उरते ती कपात सूचना. धोरणाचा निषेध करायचा असेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची, विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर ती शंभर रुपयांनी कमी करण्याची सूचना देता येते. संशोधनाला पैसे कमी पडतात हे सांगण्यासाठी आणखी शंभर रुपये कमी करा, असे म्हणावे लागते! शिवाय बहुतेक मागण्या चर्चेविनाच एकत्रितपणे मताला टाकल्या जातात.

अमेरिकेत हे दार दोन्ही दिशांनी उघडते. तेथे राष्ट्राध्यक्षांचे अंदाजपत्रक हा केवळ प्रस्ताव असतो आणि काँग्रेस रक्कम वाढवूही शकते. २०१७ मध्ये तेथील सरकारने राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या निधीत मोठी कपात सुचवली होती. काँग्रेसने प्रत्यक्षात सुमारे तीन अब्ज डॉलरची वाढ दिली. म्हणूनच तेथील वैज्ञानिक संघटना आपल्या सदस्यांना लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत घेऊन जातात. १८४८ मध्ये स्थापन झालेली विज्ञानप्रसारासाठीची अमेरिकन संघटना १९७३ पासून तरुण शास्त्रज्ञांना काँग्रेसमध्ये वर्षभर काम करण्यासाठी पाठवते आणि १९७६ पासून संशोधन खर्चाचे विश्लेषण प्रसिद्ध करते. ही रीत जशीच्या तशी उचलून आपण फेब्रुवारीत खासदारांना निवेदने दिली, तर ती ज्याच्या हाती वाढ देणे नाही त्याच्याकडेच पोहोचतात.

आपल्याकडचा खरा कळीचा आकडा सुधारित अंदाजाचा आहे. निधी उशिरा हाती आला की पहिल्या सहामाहीत खर्च कमी दिसतो, खर्च कमी दिसला की सुधारित अंदाज खाली येतो, आणि पुढील वर्षाची तरतूद ठरवताना तोच खालचा आकडा आधार म्हणून पुढे येतो. तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतील ही तफावत संसदीय समित्यांच्या अहवालांत वारंवार नोंदवलेली आढळते. झुआरीच्या मुखाच्या एका बाजूला समुद्रविज्ञान संस्था आहे आणि दुसऱ्या बाजूला वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. दोन्ही समुद्राचाच अभ्यास करतात, परंतु एकीचा पैसा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाच्या मागणीतून येतो आणि दुसऱ्याचा पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या. दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बोलणारा आवाज बाहेरचाच असावा लागतो, कारण केंद्र सरकारच्या सेवानियमांनुसार कर्मचाऱ्याला सरकारी धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. विज्ञान अकादम्यांनी, म्हणजे नामवंत शास्त्रज्ञांच्या संस्थांनी, तो आवाज व्हावे, ही अपेक्षा योग्यच आहे. पण त्यांचा कारभारही बऱ्याच अंशी सरकारी अनुदानावर चालतो.

या आवाजाला वजन येते ते विश्वासार्हतेमुळे. २०१० मध्ये सहा राष्ट्रीय अकादम्यांनी जनुकीय बदल केलेल्या पिकांवर एकत्रित अहवाल दिला, त्यातील काही मजकूर आधी प्रसिद्ध झालेल्या लेखातून जसाच्या तसा उतरवलेला निघाला आणि तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तो अहवाल नाकारला. २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतातील विमानविद्येवर शोधनिबंध वाचला गेला. पुराव्याविना केलेल्या अशा दाव्यांना जी संघटना व्यासपीठ देते, तिने दुर्बिणीसाठी किंवा संशोधन नौकेसाठी मागितलेल्या कोटींकडेही संशयाने पाहिले जाते. याउलट २०१८ मध्ये डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी म्हटले, तेव्हा तीन विज्ञान अकादम्यांनी तत्काळ संयुक्त निवेदन काढून त्याचे खंडन केले. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांनी दाखवलेल्या या धैर्याची मला मनापासून किंमत वाटते.

योग्य दारावर धडक दिली तर काय होते, हे संशोधक विद्यार्थ्यांनी दाखवून दिले आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम संसदेत मतदानाने ठरत नाही, ती सरकारी आदेशाने ठरते. देशभरातील विद्यार्थ्यांनी २०१८ मध्ये थेट संबंधित खात्यांकडे पाठपुरावा केला, निदर्शने केली, आणि जानेवारी २०१९ मध्ये ती दरमहा २५,००० रुपयांवरून ३१,००० रुपये झाली. विद्यार्थ्यांची मागणी याहून मोठी होती. २०२३ मध्ये शिष्यवृत्ती ३७,००० पर्यंत गेली.

राज्याच्या पातळीवरही नियम तोच आहे. २०३ व्या अनुच्छेदानुसार राज्यपालांच्या शिफारशीशिवाय अनुदानाची मागणी करता येत नाही, त्यामुळे गोव्याच्या विधानसभेतील चाळीस आमदारांनाही विज्ञानासाठीची रक्कम स्वतःहून वाढवता येत नाही. खाजनांचे बांध, किनाऱ्याची धूप, मांडवीतील गाळ यांवर दीर्घकालीन मोजमापे व्हावीत असे वाटणाऱ्या येथील विज्ञान संघटनांनी आपला प्रस्ताव खात्याचे अंदाज तयार होण्याआधीच सचिवांच्या टेबलावर ठेवायला हवा. कोणते मोजमाप, किती वर्षे, कोणत्या उपकरणाने, त्याचा वार्षिक खर्च किती आणि गेल्या वर्षी मिळालेल्या पैशांपैकी किती खरोखर वापरले गेले, एवढे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.