ज्युपिटर-१२ की मीर-१? आटे तेच, कॅमेरे वेगळे

झोर्की किंवा फेड हे जुने सोव्हिएत फिल्म कॅमेरे बाळगणाऱ्याला आज ना उद्या वाईड लेन्स हवीशी वाटतेच. कॅमेऱ्यासोबत आलेली ५० मिलिमीटरची लेन्स कसबा पेठेतल्या बोळात अपुरी पडते. वाड्याचा दरवाजा पुरता घ्यायचा तर पाठ समोरच्या भिंतीला टेकते. मग शोधाशोध सुरू होते आणि जुन्या रशियन मालात दोन नावं पुढे येतात: ज्युपिटर-१२ आणि मीर-१. पहिली ३५ मिलिमीटरची, दुसरी ३७. दोन्हींचं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) २.८ आणि कॅमेऱ्यावर फिरवून बसवायचे आटे ३९ मिलिमीटरचे. (मीर ४२ मिलिमीटरच्या आट्यांतही निघाली, पण ती झोर्कीवर चढतच नाही, त्यामुळे फसायचा प्रश्न नाही.) उद्या जुन्या बाजारात कुणी ३९ ची मीर तुमच्याच झोर्कीवर फिरवून "बघा साहेब, बसली की!" म्हणाला, तर तो खोटं बोलत नसतो. लेन्स बसते. फोटो येत नाही.

कारण आट्यांत नाही, अंतरात आहे. झोर्की, फेड आणि जुन्या स्क्रू-माउंट लायकांत लेन्स टेकते त्या कड्यापासून फिल्मपर्यंत २८.८ मिलिमीटर असतात. मीर बनली झेनिटसाठी. झेनिट एसएलआर, आत हलणारा आरसा, म्हणून तिथे हे अंतर ४५.२. ही लेन्स झोर्कीवर लावली की ती फिल्मच्या १६.४ मिलिमीटर जास्त जवळ जाते आणि प्रतिमा फिल्मच्या मागे पडते. रिंग कितीही फिरवा, जवळचं धूसर आणि लांबचंही धूसर. शिवाय झोर्कीत फोकस जुळवायला रेंजफाइंडर असतो: बघायच्या खिडकीत, म्हणजे फाइंडरमध्ये, दोन प्रतिमा दिसतात आणि त्या एकावर एक आणायच्या. त्याच्या दांडीला ढकलणारी कडा मीरला नाहीच. फाइंडरमधली दुसरी प्रतिमा रिंगेबरोबर सरकत नाही, ही दुकानात उभ्या उभ्या कळणारी खूण.

उलटा प्रयोग तर करूच नका. ज्युपिटरची मागची काच चांगली जाडजूड फुगलेली असते आणि कॅमेऱ्याच्या पोटात खोलवर शिरते. झेनिटवर लावली तर आरशावर आदळेल.

या फुगलेल्या काचेतच ज्युपिटरची खरी गंमत आहे. मूळ रचना लुडविग बर्टेले यांची, १९३० च्या दशकातली झाइस या जर्मन कंपनीची बायोगॉन लेन्स. युद्धानंतर ती सोव्हिएत कारखान्यांत गेली. आरसा नसल्यामुळे काच फिल्मला जवळजवळ भिडवता येते. त्यामुळे सरळ रेषा सरळच राहतात. विश्रामबागवाड्याचे लाकडी खांब कडेला घेऊन बघा, वाकणार नाहीत. कोपरे थोडे काळवंडतात, पण मला ते आवडतं. मीरला आरशासाठी मागे जागा सोडावी लागते, म्हणून तिची पुढची काच मोठी. लेन्स म्हणून ती वाईट मुळीच नाही. ब्रसेल्सच्या १९५८ च्या प्रदर्शनात तिला ग्रां प्री हे बक्षीस मिळालं आणि ते पुढे बऱ्याच मीरवर कोरलेलंही दिसतं. झेनिट असेल तर खुशाल घ्या. मात्र ती ओळ बघून भाव वाढवणाऱ्याला भुलू नका.

नाव रशियन लिपीत असेल तर असं ओळखा: ज्युपिटरचं पहिलं अक्षर म्हणजे उभी काठी आणि तिला आडव्या रेघेने जोडलेलं वर्तुळ. मीरची अक्षरं तीनच, मधलं उलट्या इंग्रजी एनसारखं. जुन्या ज्युपिटरवर ३५ ऐवजी ३.५ सेंटिमीटर लिहिलेलं असतं. ते अ‍ॅपर्चर समजू नका. आणखी एक खाच: हीच ज्युपिटर किएव्ह कॅमेऱ्यांसाठी बेयोनेटमध्येही (खाचेत अडकवायच्या जोडणीत) निघाली. तिला मागे आटेच नसतात.

पैसे देण्याआधी मागची काच मोबाइलच्या टॉर्चने तिरपी तपासा. मागचं झाकण हरवलं की ही लेन्स त्या काचेवरच टेकवली जाते, आणि मागच्या काचेवरचा ओरखडा पुढच्या ओरखड्यापेक्षा फोटोला जास्त नडतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर भाव पाडायचा नाही, लेन्स परत द्यायची. अ‍ॅपर्चरची रिंग पुढच्या खोबणीत, बोटाच्या टोकाने फिरवायची असते. ती अडकते का तेही बघा.

शंका राहिली तर झोर्की-४ चं मागचं झाकण काढा, फिल्मच्या जागी बटर पेपर ताणून धरा. आधी शटर चढवा, मगच वेगाची चकती बी वर आणा (झोर्कीत हा क्रम चुकवायचा नाही), म्हणजे बटण दाबलेलं असेतो शटर उघडं राहतं; बटण दाबून ठेवा आणि रिंग अनंतावर नेऊन पर्वतीच्या देवळाकडे रोखा. ज्युपिटर असेल तर कळस उलटा पण स्पष्ट दिसेल. मीर असेल तर नुसता उजेड.

झोर्कीचा फाइंडर ५० चंच दृश्य दाखवतो, तेव्हा वर लावायच्या ३५ च्या वेगळ्या फाइंडरचे पैसेही लेन्सच्या भावात धरूनच घासाघीस करा.