गाडीच्या एसीतला गॅस जातो कुठे?

एप्रिल लागला की मुंबईतल्या गॅरेजांबाहेर ‘एसी गॅस फिलिंग’चे बोर्ड झळकतात. गाडी गार करत नाही म्हटलं की बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार असतं: "गॅस संपला असेल, साहेब." पेट्रोल संपतं तसा गॅसही संपत असणार, म्हणून आपणही मान डोलावतो. पण पेट्रोल जळतं, एसीतला गॅस जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. रबरी होजमधून थोडाफार झिरपतो, ते सोडून द्या. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे पुढच्या एप्रिलची बुकिंग.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-134ए नावाचा वायू असतो. पाणी महाबळेश्वरला शंभर अंशांच्या आधीच उकळतं, कारण तिथे हवेचा दाब कमी. दाब बदलला की उकळणबिंदू बदलतो, या एका नियमावर अख्खा एसी चालतो. आर-134ए वातावरणाच्या दाबाला उणे 26 अंशांना उकळतो, साधारण तिप्पट दाबाला शून्य अंशाला आणि तेरा पट दाबाला 50 अंशांना.

आता गंमत बघा. बाहेर 34 अंशांची हवा आहे. तिच्यात उष्णता टाकायची तर गॅस तिच्याहून गरम हवा, म्हणून कॉम्प्रेसर त्याला दाबून दाबून पन्नाशीपार नेतो. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताच दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो द्रव शून्याच्या आसपास उकळायला लागतो. उकळायला लागणारी उष्णता, किलोमागे जवळपास 200 किलोज्यूल, तो गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. व्हॉल्व्हही हुशार. कॉइलमधून बाहेर पडणारा वायू उकळणबिंदूपेक्षा मोजके अंश जास्त गरम आहे ना, हे तो सतत पाहतो. फरक वाढला की छिद्र मोठं करतो, घटला की बारीक करतो. नाहीतर न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरमध्ये जाईल, आणि द्रव काही दाबला जात नाही, कॉम्प्रेसरच मोडतो.

म्हणूनच मेकॅनिक लावतो ते निळं (कमी दाबाच्या बाजूचं) आणि लाल (जास्त दाबाच्या बाजूचं) गेज दाब मोजत असलं, तरी वाचायचं थर्मामीटरसारखं. दोन्ही काटे खाली असले तर गॅस कमी. दोन्ही वर असले तर कंडेन्सरमधून उष्णता बाहेर जात नाही किंवा गॅस जास्त भरला गेलाय. निळा वर आणि लाल खाली असेल तर कॉम्प्रेसर थकलाय. एक्स्प्रेस हायवेवर गार आणि सिग्नलला गरम, ही तक्रार असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा फिरतोय का ते पाहा.

मात्र इंजिन बंद असताना हे काटे फसवतात. 30 अंशांना आर-134ए सुमारे 97 पीएसआय (गेजवरचं दाबाचं एकक) दाखवतो, सिस्टिम पूर्ण भरलेली असो की अर्धी. आत द्रवाचा थेंब असेपर्यंत दाब ठरतो तो तापमानावर. घरचा सिलिंडर किती उरलाय हे शेगडीच्या ज्योतीवरून कळत नाही, उचलूनच पाहावा लागतो, तसंच हे. म्हणून गॅस वजनावर भरायचा. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. लहान गाड्यांत ते अर्ध्या किलोच्या आतबाहेर. तराजू न काढता ‘अंदाजे’ भरणारा माणूस अंदाजच विकतोय.

सगळ्यात चकवणारा बिघाड वेगळाच. एसी सुरुवातीला झकास गार करतो, मग अचानक बंद पडतो, गाडी थोडी उभी राहिली की पुन्हा ठीक. यात गॅसचा दोष नसतो. सिस्टिममध्ये पाण्याचा अंश शिरलेला असतो आणि तो व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ होऊन बसतो. बर्फ वितळला की रस्ता मोकळा. उपाय म्हणजे ओलावा शोषणारा ड्रायर बदलून व्हॅक्यूम मारणं, म्हणजे पंपाने आतलं सगळं ओढून काढणं. दाब पुरेसा उतरवला की पाणी 30 अंशांनाही उकळतं आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. पंप बंद केल्यावर काटा जागचा हलला नाही, तर मोठी गळतीही नाही. कामाचा हा अर्धा तास वाचवणाऱ्या गॅरेजकडे जाऊ नये.

त्याऐवजी काही जण ‘एसी बूस्टर’चा, म्हणजे गॅस आणि गळती बुजवणाऱ्या रसायनाचा, तयार डबा मारतात. बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीइतकाच त्याचा भरवसा. लिंबू-मिरची निदान कॉम्प्रेसरमध्ये तरी जात नाही.

गळती शोधायला नजरही पुरते. गॅसबरोबर तेल फिरतं, म्हणून गळतीच्या जागी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. बारीक गळतीसाठी चमकणारा रंग आत सोडून अतिनील दिवा मारतात. एवढा खटाटोप निव्वळ पैशांसाठी नाही. 1987 च्या माँट्रियल करारानंतर ओझोन खाणारा आर-12 हटला आणि आर-134ए आला, पण तोही कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता धरतो. म्हणून त्याच कराराच्या 2016 च्या किगाली दुरुस्तीने त्याच्या गटालाही कात्री लावली.

गाडीखाली साचणारं पाणी हा मात्र बिघाड नव्हे. 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे 25 ग्रॅम बाष्प असतं. 10 अंशांना त्यातलं जेमतेम 9 ग्रॅम मावतं. उरलेलं कॉइलवर पाणी होतं, आणि ते करण्यात एसीची अर्ध्याहून जास्त ताकद जाते. मुंबईत काच उघडी ठेवून किंवा बाहेरची हवा आत घेत एसी चालवणं म्हणजे समुद्र आटवणं. आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा.

आकडा लावला की तापमान आपोआप राखणाऱ्या गाड्यांत आणखी एक घोळ होतो. तिथे गार आणि हीटरवरची गरम हवा मिसळणारी एक झडप असते, ती छोटी मोटर फिरवते. मोटरच्या प्लॅस्टिकच्या चाकाचे दाते तुटले की डॅशबोर्डामागून टकटक ऐकू येते, आणि दोन्ही बाजूंना वेगळी झडप असलेल्या गाडीत ड्रायव्हरला गार तर शेजारच्याला गरम वारा लागतो. गेजवर सगळं ठीक दिसतं. भाग तसा किरकोळ, पण तिथवर हात पोचायला बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि बिल येतं ते त्या मजुरीचं.