फौजीच्या डोळ्यात मांस वाढलं, ते नाकाच्याच बाजूला का?

आमच्या सोलापुरात डोळ्यात मांस वाढलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाला उभं राहा, आजूबाजूची तोंडं नीट बघा, एखाद्याच्या तरी बुबुळावर नाकाकडनं गुलाबी त्रिकोण चढलेला दिसेलच. त्यामुळं एखादा रिटायर हवालदार म्हणाला की माझं हे मांस नोकरीमुळं वाढलंय, मला डिसॅबिलिटी पेन्शन पाहिजे, की लोकांचं उत्तर तयार असतं. अहो आमच्या मामालापण आहे की, आयुष्यभर ज्वारीच्या रानात राबला, त्याला कोण पेन्शन देतंय? मध्यंतरी सात रस्त्याजवळ एका टपरीवर हाच वाद ऐकला आणि दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या बरोबर वाटल्या, म्हणून हा लेख.

या मांसाचं डॉक्टरी नाव टेरिजियम. मोतीबिंदू वेगळा, तो आत भिंगात होतो, हे बाहेरच्या बाजूला होतं. डोळ्याचा पांढरा भाग ज्या पातळ पडद्याखाली असतो तो पडदा रक्तवाहिन्या घेऊन पारदर्शक कॉर्नियावर चढायला लागतो. सुरुवातीला नुसती लाली आणि सारखं काहीतरी खुपतंय असं वाटतं, नंतर कॉर्नियाचा आकार बिघडून सिलिंड्रिकल नंबर लागतो, आणि अगदी बाहुलीपर्यंत पोचलं तर नजरच झाकली जाते.

धूळ, वारा, कोरडी हवा यानं डोळा चिडतो हे खरं, पण मुख्य आरोपी उन्हातलं अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे यूव्ही. आता गंमत बघा, धूळ काय डोळ्याची बाजू बघून बसत नाही. मग हे मांस बहुतेक वेळा नाकाच्याच बाजूनं का वाढतं?

याचं उत्तर सिडनीचे नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी १९९० च्या दशकात दिलं आणि मला ते जाम आवडतं कारण त्यात दहावीचं ऑप्टिक्स सोडून फार काही लागत नाही. कॉर्निया फुगीर आहे, म्हणजे ते एक भिंगच आहे. समोरनं आलेला प्रकाश बाहुलीतनं आत जातो. पण कानशिलाच्या बाजूनं, जवळजवळ मागनंच तिरका येणारा प्रकाश बाहुलीत शिरू शकत नाही, तो कॉर्नियात शिरून वळतो, बाहुलीच्या पुढं जी पाणी भरलेली पोकळी असते तिच्यातनं आडवा पलीकडं जातो आणि नाकाच्या बाजूला जिथं काळं आणि पांढरं मिळतं त्या कडेवर बरोब्बर एका ठिकाणी गोळा होतो. भिंगानं कागद जाळायचो तसंच. तिथं प्रकाशाची तीव्रता साधारण २० पट होते. उलट बाजूनं असं का होत नाही? मध्ये नाक आहे ना राव, तिकडचं तिरकं ऊन नाकच अडवतं.

बघायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत घरातल्या कुणालातरी समोर बघायला सांगा आणि मोबाईलचा टॉर्च त्याच्या कानशिलाजवळ, डोळ्याच्या किंचित मागं धरून हळूहळू पुढं-मागं करा. एका कोनात नाकाकडच्या कडेवर चंद्रकोरीसारखा भाग एकदम उजळतो. टॉर्च एकीकडं आणि उजेड दुसरीकडं. (फक्त मोबाईलचा टॉर्च, तोही थोडा वेळ. लेझर नको, आणि ऊन तर अजिबात नको.)

आणि नेमकं त्याच कडेवर कॉर्नियाच्या मूळ पेशी (स्टेम सेल) पांढऱ्या पडद्याला अडवत पहाऱ्यावर बसलेल्या असतात. बाहेरनं सरळ येणारं यूव्ही वरच्या पेशींच्या थरात बरंचसं शोषलं जातं, पण हा आडवा आलेला प्रकाश मूळ पेशींना आतल्या बाजूनं गाठतो, तिथं वरच्या थरांचं संरक्षणच नाही. मग त्या पेशींच्या डीएनएत बिघाड साचत जातात, पी-५३ या जीनमधले बदल टेरिजियममध्ये सापडलेले आहेत, बिघडलेल्या पेशी मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज नावाची एन्झाइम सोडतात, ती कॉर्नियाचा बोमन्स लेयर म्हणून जो थर असतो तो खाऊन टाकतात, आणि व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन तिथं नवीन रक्तवाहिन्या बोलावून घेतं. जड वाटलं तर एवढंच लक्षात ठेवा की पहारा मोडला की पांढऱ्याचं अतिक्रमण सुरू.

आता फौजीकडं येऊ. दर १००० मीटर वर गेलं की यूव्ही साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आणि सियाचीनच्या वरच्या चौक्या ६००० मीटरच्या घरात. पण नुसता हा गुणाकार करून 'तिथं दुप्पट' असं कुणी सांगत असेल तर ते अर्धवट आहे, कारण आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ आहोत, सूर्य आपल्या वर्षातनं दोनदा थेट डोक्यावर येतो आणि सियाचीनला कधीच येत नाही. खरा फरक जमिनीचा आहे. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत फेकतो, कोरडी वाळू साधारण १५ टक्के, आणि आपली माती किंवा गवत १० च्या आत. डोक्यावरच्या उन्हाला टोपी आहे, भुवई आहे. खालनं आणि बाजूनं येणाऱ्या उन्हाला काय आहे? साधा गॉगलपण कडेनं उघडाच असतो आणि आपला तिरका प्रकाश तिथनंच शिरतो. म्हणून बर्फात कडा बंद असलेले गॉगल लागतात. आणि डोळ्याला जास्तीत जास्त मार भर दुपारीच बसतो असंही नाही, सूर्य अर्ध्यावर असताना, म्हणजे सकाळी आणि दुपार कलल्यावर, बऱ्याचदा जास्त बसतो, आणि ड्युटीवरचा जवान त्या वेळेला सावली शोधत बसू शकत नाही.

मग मामाचं काय? मामाचं मांसपण यूव्हीनंच वाढलं यात वाद नाही. विषुववृत्ताच्या दोन्हीकडं साधारण ३७ अंशांपर्यंतच्या पट्ट्यात हा आजार जास्त दिसतो आणि सोलापूर, जैसलमेर, सियाचीन तिन्ही त्यातच येतात. डोळ्यावर 'मेड इन सियाचीन' असा शिक्का नसतो. पण मामाला पेन्शन मिळत नाही याचं कारण त्याच्या डोळ्यात नाही, त्याला देणारा कुणी मालकच नाही, हे आहे. त्याचा राग फौजीवर काढून काय उपयोग.

कायदा तरी शंभर टक्के खात्री कुठं मागतो. फौजेच्या डिसॅबिलिटी पेन्शनसाठीच्या १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्सप्रमाणे आजार नोकरीमुळं झाला किंवा नोकरीनं वाढला, दोन्हीपैकी एक पुरतं, म्हणजे नोकरीच्या परिस्थितीनं हातभार लावला एवढं दिसलं पाहिजे. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असं धरायचं, सिद्ध करायचा बोजा त्याच्यावर टाकायचा नाही, वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यायचा आणि फील्ड सर्व्हिस असेल तर अजून सढळ हातानं. सुप्रीम कोर्टानं २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात हेच ठामपणे सांगितलं. तरी मेडिकल बोर्डाच्या कागदावर 'नाना' लिहून येतं, म्हणजे नोकरीमुळं झालेलं नाही आणि वाढलेलंपण नाही, आणि बरेच जण तिथंच हाय खाऊन घरी बसतात. अपील असतं, पुढं आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आहे, त्याचं एक बेंच मुंबईला आहे. फक्त २१ सप्टेंबर २०२३ पासून नवीन नियम आलेत, त्यामुळं आपल्याला कुठले लागू होतात ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारून घ्या. आणि नेहमीच्या रिटायरमेंटला जुन्या नियमात किमान २० टक्के अपंगत्व लागायचं. छोटंसं मांस आणि नजर सहा बाय सहा असेल तर कितीही बर्फ तुडवला असला तरी तिथं गाडी अडते.

मार लागलेल्या डोळ्याची केस त्या मानानं सोपी. स्फोटाच्या दणक्यानं किंवा काही आदळून डोळा दबला की आतलं पाणी मागं ढकललं जातं आणि बुबुळाच्या मुळाशी असलेला स्नायू फाटतो, याला अँगल रिसेशन म्हणतात. काचबिंदू त्यानंतर कित्येक वर्षांनीपण येऊ शकतो. पण तो सहसा मार लागलेल्या डोळ्यातच येतो आणि गोनिओस्कोपी नावाच्या तपासणीत फाटलेली जागा दिसते. दुसरा चांगला डोळा तुलनेला शेजारीच. मात्र युनिटच्या एमआय रूममधली, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातली, तेव्हाची नोंद नसेल तर वकील तरी काय करणार.

आता एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. रीलवर 'ऑपरेशनशिवाय मांस विरघळवा' म्हणून डोळ्यात मध, कांद्याचा रस, कसला कसला पाला घालायला सांगणारे लोक फिरताहेत आणि काही गावात जिभेनं नाहीतर काडीनं डोळा साफ करून देणारेपण आहेत. वाढलेलं टेरिजियम विरघळवणारं थेंबाचं औषध नाही, महागातलंपण नाही. असल्या उपायांनी कॉर्नियात बुरशीचं नाहीतर जिवाणूचं इन्फेक्शन झालं तर जी नजर मांसानं घेतली नव्हती ती जाते. थेंबांनी लाली आणि खुपणं कमी होतं, काढायचं तर ऑपरेशन. तेपण नुसतं खरवडून नाही, त्यात ते परत यायचं प्रमाण फार असतं, आपल्याच डोळ्याचा चांगला पडदा तिथं बसवला तर खूप कमी.

फक्त क्लेम करायचा असेल तर ऑपरेशनच्या आधी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डॉक्टर डोळा मोठा करून बघतात त्या मशीनवर, दोन्ही डोळ्यांचे फोटो काढून घ्या. मांस कुठल्या बाजूनं आलं, बाहुलीपासून किती लांब आहे, हे त्यात दिसतं. जुन्या, सावकाश वाढलेल्या मांसाच्या टोकापुढं कधीकधी लोहाची बारीक तपकिरी रेघ असते, स्टॉकर्स लाइन म्हणतात तिला, ती असेल तर डॉक्टरांना रिपोर्टमध्ये लिहायला सांगा. तिच्यावरनं नेमकं वर्ष निघत नाही, पण मांस परवाचं नाही एवढं कळतं, आणि ऑपरेशन झालं की हे सगळं मांसाबरोबर ट्रेमध्ये जातं.